पाणघोड्याचं प्लास्टर

"कसं लागलं?"

"पाणघोड्यावरून पडलो."

मी मान वर करून पाहिलं. समोरच्या स्टुलावर एक उंच, सडपातळ माणूस बसला होता. उजवं मनगट सुजून टम्म झालेलं, कोपरापर्यंत वाळलेली माती, एका भुवईवरही मातीचा फराटा. चेहरा दुखण्याने पांढराफटक पडलेला... आणि तरी डोळ्यांत हसू, जणू पडला तो दुसराच कुणीतरी होता.

हाडांच्या दवाखान्यात, प्लास्टरच्या खोलीत, रोज काही ना काही ऐकायला मिळतं. जिन्यावरून पडले, सायकलवरून पडलो, फुटबॉल खेळताना लागलं. एकदा एक आजोबा 'बायकोशी बोलताना' एवढंच म्हणाले होते आणि पुढे तोंड उघडायला तयार नव्हते. पण पाणघोडा माझ्या वाट्याला पहिल्यांदाच येत होता.

"मातीचा हो," त्याच्यामागे उभ्या असलेल्या बाई म्हणाल्या. अंगात घाईत चढवलेला रेनकोट आणि गळ्यात माप घ्यायची टेप, तीही काढायची राहून गेलेली. "मी याची आत्या. शिल्पं घडवतो हा. 'शिडी घे, शिडी घे' म्हणून माझा घसा कोरडा पडला. पण नाही! साहेब पाणघोड्याच्याच पाठीवर चढून त्याचे कान करत होते."

"आणि पाणघोडा?" ड्यूटीवर असताना असलं काही विचारायचं नसतं, पण तोंडातून निघून गेलं.

"त्याला माझ्यापेक्षा जास्त लागलंय," तो गंभीरपणे म्हणाला. "अख्खी एक बाजू बसली. पण त्याला कुणी दवाखान्यात आणलं नाही."

डॉक्टरांनी हात सुन्न करून हाड जागेवर बसवलं आणि पुढचं काम माझ्याकडे आलं. मी पट्टीचा रोल कोमट पाण्यात सोडला. बुडबुडे आले, थांबले. दोन्ही टोकं धरून हलकेच पिळला आणि त्याच्या मनगटावर पहिला वेढा घेतला. बहुतेक लोक या वेळी छताकडे बघतात, नाहीतर देवाचं नाव घेतात. हा मात्र माझ्या हातांवरून नजर काढायला तयार नव्हता.

"तिकडे बघा, नाहीतर चक्कर येईल."

"परत एकदा दाखवाल?"

"काय?"

"ते... पाण्यातून काढल्यावर जे केलंत ते. टोकं धरून."

"अहो, हा तुमचा हात आहे. इथे क्लास नाही चालू."

मी वेढ्यावर वेढा देत गेले, तळहाताने चुण्या मोडत गेले. थोड्या वेळाने तो एकदम दचकला. "तापतंय!"

"तापणारच. घट्ट होताना प्लास्टर गरम होतं. होईल गार."

"माझ्या मातीने आजवर असं कधी केलं नाही," तो हळूच म्हणाला.

तो प्लास्टरबद्दलच बोलत होता, हे मला नीट कळत होतं. तरीही माझे कान का तापले, कुणास ठाऊक.

दुसऱ्या दिवशी बोटांची सूज दाखवायला यायचं असतं. तो आला. एकटा, आणि डाव्या हातात एक बादली घेऊन. बादलीत पांढराशुभ्र दगड होता आणि दगडात एक लांब दांड्याचा चमचा उभा रुतला होता.

"हे काय?"

"तुमच्या शिष्याचा पहिला प्रयोग. चमचा आत्याचा आहे. तिला अजून माहीत नाही."

"पाणी कसं घेतलंत?"

"उकळतं. लवकर व्हावं म्हणून."

"आणि रोल किती टाकलेत?"

"...सगळे."

मी हसले. आधी नुसते ओठ दाबून, मग खुर्चीत बसून, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. कितीतरी दिवसांनी अशी हसत होते. तो बादली मांडीवर घेऊन, एखाद्या समजूतदार पेशंटसारखा, माझं हसणं संपायची वाट बघत राहिला.

मग त्याने सगळं सांगितलं. शहराच्या वाचनालयात मुलांसाठी नवं दालन उघडणार होतं. तिथे मध्यभागी एक मोठा पाणघोडा हवा होता. मुलांनी त्याला टेकून वाचावं, त्याच्या पाठीवर लोळावं. आयुष्यातलं एवढं मोठं काम त्याला पहिल्यांदाच मिळालं होतं. आता हात असा. माती मळायला दोन हात लागतात, उचलायला दोन खांदे. उद्घाटन तर तोंडावर आलेलं.

"ग्रंथपालबाईंनी सांगितलंय, जमत नसेल तर कॅटलॉगमधून प्लास्टिकचा जिराफ मागवू."

"मग? जिराफात काय वाईट आहे?"

"तो हसतो," तो म्हणाला. डॉक्टर एखादं वाईट निदान सांगतात ना, त्याच आवाजात.

मी त्याची बोटं तपासली. सूज होती, पण काळजीसारखं काही नव्हतं. "हे बघा," मी म्हणाले, "मातीऐवजी प्लास्टरच्या पट्ट्यांनी पाणघोडा करायची कल्पना चांगली आहे. हलकं काम, लगेच घट्ट होतं. पण तुमच्या प्लास्टरला पाणी लागता कामा नये. ते भिजलं, मऊ पडलं, तर हाड हलेल. म्हणजे ओल्या पट्ट्यांना हात लावायचा नाही."

"तेच तर. कुणीतरी पाण्यात हात घालणारं पाहिजे." त्याने बादलीकडे बघितलं, मग छताकडे, मग माझ्याकडे. "ज्याला सवय आहे... असं."

"मी हाडांचं माणूस आहे. मला कलेतलं ओ की ठो कळत नाही."

"पाणघोड्याला हाडं असतात हो."

मी 'बघू' म्हणाले. माझ्या 'बघू'चा अर्थ आजवर नेहमी 'नाही' असाच झाला होता.

माझी आई पोस्टात आहे. आयुष्यभर शिक्के मारून तिचं बोलणंही तसंच झालंय. ठप्प! एकदाच आणि नेमकं जागेवर. त्या आठवड्याच्या शेवटी, रात्री जेवताना ती म्हणाली, "उद्या सुट्टी ना तुला? काय करणार आहेस?"

"एका पाणघोड्याला प्लास्टर घालायला बोलावलंय."

आईने घास खाली ठेवला नाही. "लग्न झालंय?"

"पाणघोड्याचं?"

"बोलावणाऱ्याचं."

"नसावं बहुतेक."

"मग छत्री घेऊन जा. पाऊस आहे उद्या."

आत्याच्या शिवणकामाच्या दुकानामागे एक गॅरेज होतं. गाडी कधीच नव्हती, त्यामुळे तिथे त्याचं काम चालायचं. पत्र्यावर पाऊस ताशा वाजवत होता. कोपऱ्यात ओल्या फडक्यांखाली मातीचा पाणघोडा एका कुशीवर कलंडून पडला होता, खरंच कुणीतरी दवाखान्यात न्यायला हवं होतं असा. आणि मधोमध नवा सांगाडा उभा होता. आत लोखंडी सळया, वर तारेची जाळी, जाळीत कोंबलेली जुनी वर्तमानपत्रं. आत्याने आणि त्याने मिळून, तीन हातांनी, रात्रंदिवस खपून तो उभा केला होता.

"माझी कापडाची कात्री याने तारेला लावली नाही, एवढीच देवाची कृपा," आत्या म्हणाल्या आणि दुकानात निघून गेल्या. दार मात्र त्यांनी उघडं ठेवलं.

मी बाह्या वर केल्या, हातमोजे चढवले, आणि पाणघोड्याच्या मागच्या पायापासून सुरुवात केली. पाय म्हणजे माझी हक्काची जागा. वेढा, त्यावर अर्धा चढवून पुढचा वेढा, तळहाताने चापून गुळगुळीत. पाय पुरा झाल्यावर मी जरा ऐटीतच मागे सरकले.

तो वाकून पाय निरखू लागला. "सुंदर..."

"पण?"

"पण त्याचा पाय मोडलाय असं वाटतंय."

"तुम्हीच म्हणालात ना, पट्ट्या गुंडाळायच्या!"

"गुंडाळू नका. अंथरा. चुणी पडली तर पडू दे. पाणघोडा आहे हा, इस्त्रीचा शर्ट नाही."

त्याला काय कळणार मला ते किती अवघड होतं! इतकी वर्षं मी चुण्या मोडत आले होते. प्लास्टरच्या आतली एक लहानशी चुणी माणसाची कातडी सोलते, म्हणून शिकवणाऱ्या सिस्टरांनी माझ्या हातावर फूटपट्टी मारून चुणी सोडायची खोड घालवली होती. आणि आता हा म्हणतो, पडू दे. मी पट्टी मानेवर टाकली. बोटं आपोआप सपाट करायला धावली. मी ती आवरली. मग, डोळे जवळजवळ मिटूनच, पट्टी थोडी मागे ढकलली. ती गोळा झाली, दुमडली... आणि मानेवर अशी एक जाड, आळसावलेली वळी पडली, की आता पाणघोडा मान वळवून बघतो की काय असं वाटलं.

"अहो," मी कुजबुजले. "ही मी केली?"

"मी तर इथे बसलोय," तो म्हणाला. तोही कुजबुजत होता.

मी भराभर दुसरी पट्टी भिजवली. आणखी एक वळी. मग एक बारकी सुरकुती, मग कानामागचा खळगा. माझ्या हाताखाली प्लास्टर गरम होत होतं आणि पहिल्यांदाच ते कुणाच्याही दुखण्यावर पडत नव्हतं. कुणी कण्हत नव्हतं, कुणी 'किती वेळ?' विचारत नव्हतं. मला ते खेळासारखं वाटलं. लहानपणी सोडलेल्या, आणि सोडला हेही विसरून गेलेल्या एखाद्या खेळासारखं.

"मोजे काढा ना," तो म्हणाला. "मोज्यातून बोटाला काही कळत नाही."

माझा हात थबकला.

"राहू दे. सवय आहे मला."

"ठसे बघा कसे येतायत, रबराचे. मास्तरीणबाई, काढाच."

मी काढले. आणि हात पटकन पाण्यात घातले.

सांगते. प्लास्टर हातांतलं पाणी शोषून घेतं. मोजे घाला, मलमं लावा, दिवसभर तेच काम केल्यावर हात व्हायचे तसे होतात. खरखरीत, कडेने भेगाळलेले, पांढुरके. दोन वर्षांपूर्वी एकाशी माझं जमता जमता राहिलं होतं. वाईट माणूस नव्हता. फक्त शेवटच्या भेटीत टेबलावरचा माझा हात हातात घेऊन, परत जागेवर ठेवत तो म्हणाला होता, "हाताला काहीतरी लावत जा ना." एवढंच. पण तेव्हापासून मी कुणासमोर हात उघडे ठेवत नव्हते.

"पाण्यात काही हरवलंय का?" त्याने विचारलं.

"नाही."

"मग दोन्ही हात बाहेर येऊ देत की."

मी हात बाहेर काढले. बघायचे तर बघ, असे, त्याच्या पुढ्यातच धरले. त्याने काही गोड बोलून दाखवलं नाही. ते बरं झालं, मला रडू आलं असतं. त्याने फक्त आपला डावा हात माझ्या हाताशेजारी आणून ठेवला. नखांच्या कडेला भेगा, तळव्याला घट्टे, बोटांवर मातीने केलेल्या चिरा.

"एकाच वर्गातले दिसतोय आपण," तो म्हणाला. "मी जरा मागच्या बाकावरचा."

दारातून व्हॅसलीनची डबी आत आली. डबी धरणारा हात आत्यांचा होता. "दोघांनीही लावा," आत्या म्हणाल्या, आणि हात परत गेला.

त्यानंतर माझ्या प्रत्येक सुट्टीचं आणि ड्यूटीनंतरच्या बहुतेक संध्याकाळींचं काय झालं, हे सांगायला नको. तो डाव्या हाताने हवेत रेघा काढायचा आणि मी त्या पट्ट्यांतून उतरवायचे. आम्ही भांडायचोही. सगळ्यात मोठं भांडण तोंडावरून झालं. त्याला जबडा वासलेला हवा होता, दात दिसतील असा.

"मुलं घाबरतील!"

"मुलं घाबरत नसतात, मास्तरीणबाई. मुलं आत डोकं घालतात."

"आणि अडकलं की माझ्याकडे येतात! मला माहितीय ना!"

शेवटी पाणघोडा जांभई देतोय असं ठरलं. वाचता वाचता झोप आलेला पाणघोडा. ही कल्पना माझी. ती ऐकून तो माझ्याकडे बघतच राहिला. मला भिजवलेली पट्टी लावायचं भान राहिलं नाही, आणि त्याला 'पट्टी वाळतेय' म्हणायचं.

ग्रंथपालबाई एक दिवस पाहणी करायला आल्या. कडक, चष्म्यावरून बघणाऱ्या. पाणघोड्याभोवती त्यांनी एक फेरी मारली, जांभईपाशी थांबल्या, आणि पुढच्याच क्षणी त्यांना स्वतःलाच मोठी जांभई आली. तोंडावर हात ठेवून त्या म्हणाल्या, "जिराफ नको म्हणून कळवते."

त्या गेल्यावर आम्ही तिघं गॅरेजमध्ये वेड्यासारखे नाचलो. आत्या सगळ्यात जास्त.

मग पाणघोडा गेला. त्याच्यावर फायबरचा कडक थर आणि रंग चढवायला दुसरीकडे न्यावा लागणार होता. टेम्पोत पाणघोडा मागे तोंड करून बसला आणि वळणावरून दिसेनासा झाला. आम्ही दोघंही त्याला हात हलवत होतो. "बराय तर," मी म्हणाले. "बराय," तो म्हणाला.

त्याचं प्लास्टर काढायचा दिवस त्याच आठवड्यात होता. मी सकाळपासून दाराकडे बघत होते. प्लास्टर कापायची करवत पुसून ठेवली, परत पुसली. तो यावा असं वाटत होतं आणि येऊ नये असंही. हात मोकळा झाला की तो त्याच्या मातीकडे जाईल आणि मी माझ्या पट्ट्यांकडे. मनाची अशी ओढाताण चालली असताना दुपार झाली, संध्याकाळ झाली. तो आला नाही.

आधी काळजी वाटली. मग राग आला. ड्यूटी संपताच मी सरळ गॅरेज गाठलं.

तो रिकाम्या जागेत, पाणघोडा उभा असायचा त्या ओट्यावर, पाय सोडून बसला होता. प्लास्टर तसंच.

"आज तारीख होती. का नाही आलात?"

"विसरलो."

"खोटं."

त्याने मान खाली घातली. "पाणघोडा गेला. आता हेही गेलं की... तुम्हाला इथे यायला काही कारणच उरणार नाही. म्हटलं, राहू दे अजून चार दिवस."

माझ्या डोक्यातून काहीतरी सणकन गेलं.

"वेडा आहेस का तू? मनगट आखडेल! बोटं वळायची नाहीत! जन्मभर माती धरायचीय तुला या हातात, आणि तू... चार दिवस! अरे, विचारता येत नव्हतं? तोंडाला तर नाही ना घातलं मी प्लास्टर?"

पलीकडे आत्यांचं शिलाई मशीन चालू होतं, ते एकदम थांबलं.

"तू," तो म्हणाला. "मला तू म्हणालीस."

"...रागात निघालं."

"मग थोडा वेळ रागावलेलीच राहा."

मला हसू येत होतं आणि मी ते येऊ देणार नव्हते. "विचार," मी म्हणाले. "काय विचारायचंय ते नीट विचार."

तो उठून उभा राहिला. डाव्या हाताने केस मागे केले, शर्टाचा नसलेला मळ झटकला. पाणघोड्यावरून पडतानासुद्धा इतका घाबरला नसेल. "काही कारण नसलं... तरी येशील?"

"नाही."

त्याचा चेहरा खर्रकन उतरला.

"कारण सांगून येईन," मी म्हणाले. "आईला काय सांगू, रिकाम्या गॅरेजला प्लास्टर घालायला जाते?"

"मग... काय सांगशील?"

"तुला भेटायला जाते, असं सांगेन. आवडतोस म्हणून."

शेवटचे शब्द इतके हळू आले की मलाच जेमतेम ऐकू आले. पण त्याने ते ऐकले होते. आणि पलीकडेही कुणीतरी ऐकले असावेत, कारण मशीन पुन्हा सुरू झालं, मघापेक्षा दुप्पट जोरात.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः त्याला दवाखान्यात हजर केलं. करवतीचा आवाज ऐकून त्याने डोळे घट्ट मिटले.

"हात राहील ना माझा?"

"प्लास्टर कापतं हे. कातडीला नुसत्या गुदगुल्या."

कवच दोन बाजूंना उघडलं. आतून निघालेला हात बारीक, सुरकुतलेला, कोंडा धरलेला. तो बघतच राहिला. "हा माझा?"

"तुझाच. जरा रुसलाय."

त्या मोकळ्या हाताने तो पहिली गोष्ट काय करेल, याची मी रात्रभर काय काय स्वप्नं पाहिली होती, ती सांगणार नाही. त्याने डाव्या हाताची नखं लावून तो कराकरा खाजवला. डोळे मिटून, ब्रह्मानंदी टाळी लागल्यासारखा.

मग मी माझी दोन बोटं त्याच्या तळहातावर ठेवली. "दाब."

"दुखतंय."

"हळू दाब. रोज करायचं."

"रोज?"

"डॉक्टरांनी सांगितलंय."

"तुझी बोटं धरायला सांगितलीत डॉक्टरांनी?"

"मऊ चेंडू सांगितलाय," मी म्हणाले. "चेंडू आत्ता सापडत नाहीये."

उद्घाटनाच्या दिवशी वाचनालयात ही गर्दी! फीत कापून व्हायच्या आतच मुलं पाणघोड्यावर चढली. एकजण मानेच्या वळीत पाय अडकवून बसला. दोघी पोटाला टेकून एकाच पुस्तकावर भांडायला लागल्या. एका चिमुरडीने जांभईत डोकं घातलं आणि लगेच, अगदी सहज, बाहेरही काढलं. "बघ," तो माझ्या कानाशी म्हणाला. मी त्याला कोपर मारलं.

आई पोस्टातून परस्पर आली होती. खांद्याला पिशवी, कपाळाला आठी. ती माझ्याजवळ येऊन उभी राहिली आणि त्याला पायापासून डोक्यापर्यंत बघून घेतलं.

"हा का तो?"

"हो."

"हाड जुळलं का त्याचं?"

"जुळलं, आई. छान जुळलं."

"मग हात अजून का धरून ठेवलायस?"

मी खाली पाहिलं. कधी धरला होता, देव जाणे. लाजेने बोटं सैल केली, तर पलीकडून दाब वाढला. चांगला भक्कम.

"व्यायाम," तो आईला म्हणाला. आवाज थोडा कापत होता, पण हात नव्हता.

आई त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने खांद्यावरची जडशी पिशवी काढली आणि त्याच्या डाव्या हातात दिली.

"व्यायाम दोन्ही हातांना हवा," ती म्हणाली, आणि पाणघोडा जवळून बघायला निघून गेली.